नदीकडच्या फ्लॅटचं गिऱ्हाईक

दलालाने आमच्या घरात पाऊल टाकायच्या आधी, जिन्यातच थांबून, पहिली सूचना केली. "काकू, ही रेघ तेवढी पुसून घ्या."

पहिल्या मजल्यावर भिंतीला छातीइतक्या उंचीवर एक चॉकलेटी पट्टा होता. महापुराचं पाणी तिथपर्यंत चढलं होतं. सोसायटीने त्यावर दोनदा रंग मारला, पण पावसाळ्यात भिंत ओल धरायची आणि पट्टा पुन्हा उमटायचा.

"रेघ पुसून काय होणार?" मी म्हटलं. "नदी काय लपणार आहे?"

"नदी कशाला लपवायची? नदीच तर विकायचीय," तो हसला. तोंडात मावा होता, त्यामुळे हसताना त्याने खालचा ओठ वर ओढून धरला. मग जिन्याच्या खिडकीतून मान बाहेर काढून पचकन थुंकला. खाली कुणाची तरी स्कूटर लावलेली होती. त्याने वाकून पाहिलं, पिंक तिच्यावर पडली नाही अशी खात्री करून घेतली आणि वर येऊन आमची बेल वाजवली, मी त्याच्या शेजारीच उभी असताना.

फ्लॅट विकायचं कारण साधं होतं. माझ्या नवऱ्याचे गुडघे. हे फौजेत होते, सुभेदार म्हणून बाहेर पडले. डोंगरदऱ्यांत झिजवलेले गुडघे साठीनंतर बोलायला लागले. आमच्या सोसायटीला लिफ्ट नाही आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, बदल्या होत होत सांगलीत स्थिरावले, म्हणून सांगलीत घर घेतलं. मुलगा शिकून बंगळूरला गेला. मी निवृत्त झाले. रहिमतपूरजवळ ह्यांच्या वाटणीचं शेत आहे, तिथे आम्ही दोन खोल्या बांधून घेतल्या, एकही पायरी नसलेल्या. आता सांगलीतलं बिऱ्हाड मोडायचं होतं, एवढंच.

फ्लॅट चांगला होता. दोन झोपायच्या खोल्या, मोठी बैठक, स्वयंपाकघरात ओट्यासमोर खिडकी आणि नदीच्या बाजूला एक बाल्कनी. घाट चालत जाण्याइतका जवळ. हिवाळ्यात सकाळी कृष्णेवर धुकं असायचं आणि त्यातून पोहणाऱ्यांचे आवाज तेवढे यायचे. तिथे उभं राहून चहा प्यायला मला आवडायचं. पण हे वर्षातले थोडे दिवस. उन्हाळ्यात पाणी आटलं की जलपर्णी साचायची, पलीकडच्या नाल्याचं काळं पाणी दिसायला लागायचं, आणि वरच्या कुठल्या तरी साखर कारखान्याची मळी सुटली की एखाद्या सकाळी काठाला मेलेले मासे पांढरी पोटं वर करून लागलेले असायचे. त्या वासाने दात घासतानाच उमळून यायचं. येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी हे सगळं सांगायची. दलाल मागे उभा राहून डोळे मोठे करायचा.

"बाई," एकदा तो वैतागून म्हणाला, "तुमी फ्लॅट विकताय का शाळेत पाठ घेताय?"

"दोन्ही," हे आतून म्हणाले.

गिऱ्हाइकं येत राहिली. घर विकायला काढलं की माणसं आपल्या संसारात कशी नाकं खुपसतात, ते मला त्या महिन्यांत कळलं. एका बाईने माझं कपाट विचारल्याशिवाय उघडलं, साड्यांवरून हात फिरवला आणि "खूप जुन्या आहेत" म्हणाली. एकाने संडासात जाऊन तीनदा पाणी सोडून पाहिलं आणि बाहेर येऊन हात न धुता बिस्किट उचललं. एक वयस्कर गृहस्थ बैठकीत बसले, आजूबाजूला पाहिलं आणि ह्यांना विचारलं, "इथं आधी कुणी गेलंय का?"

"कुठं?"

"म्हणजे वारलंय का? याच खोलीत?"

"अजून तरी न्हाई," हे म्हणाले. "तुमी थांबता का?"

मग आष्ट्याचं जोडपं आलं. नवऱ्याचं तिकडे फवारणीचे पंप आणि ठिबकच्या पायपांचं दुकान होतं, दुरुस्तीही करायचा. ती ब्लाऊज शिवायची आणि शिकवायचीही. मुलीला सांगलीत फार्मसीला प्रवेश मिळाला होता. रोज एसटीने येणं-जाणं नको, आणि पुढेमागे दुकानाची शाखा सांगलीत काढावी, म्हणून घर बघत होते. मुसलमान कुटुंब. हे मी लिहितेय कारण पुढचं सगळं त्यावरच झालं. नाहीतर त्या पहिल्या दिवशी माझ्या लक्षात राहिलं होतं ते इतकंच, की हा माणूस फार बोलतो. नळ उघडून पाण्याचा दाब बघितला, टाकी किती लिटरची, मोटर कितीची, वायरिंग कधीचं. फरशीवर बोटाची हाडं आपटून पोकळ वाजते का ऐकलं. भावात घासाघीस तर अशी, की हे मध्येच उठून आत गेले.

ती मात्र सरळ ओट्यापाशी गेली. खिडकीतून बाहेर पाहिलं. "हितं मशीन मांडली तर उजेड डाव्या हातानं येतोय," ती म्हणाली.

"ओट्याजवळ मशीन?" नवरा म्हणाला. "सैपाक काय गच्चीवर करणार?"

"तू कर सैपाक. मी शिवते," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली.

मी तिला मेलेल्या माशांचं सांगितलं. पुराचं सांगितलं. जिन्यातली रेघ मी स्वतः खाली नेऊन दाखवली. तिने रेघेवर तळहात ठेवून पाहिला. "काकू, आष्ट्यात बी पाणी येतंय," ती म्हणाली. "पाण्याला कुटं जायाचं ते आपण न्हाई सांगायचं." दुसऱ्यांदा आली तेव्हा मुलीला घेऊन आली. मुलगी लाजरी, पण बाल्कनीत गेली आणि तिथून हलेना. आई म्हणाली, "झालं. आता हिला न्हाई म्हणून बघा." तिसऱ्या भेटीत भाव ठरला. दोन्हीकडून थोडं थोडं खाली-वर झालं. हे आणि तो दुकानदार हात मिळवून उठले आणि ह्यांनी त्याला फौजेतली एक लांबलचक गोष्ट ऐकवली. हे सहसा कुणाला ऐकवत नाहीत.

त्याच संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. ते पहिल्या मजल्यावर राहतात. पुरात त्यांचं घर पाण्यात गेलं होतं. त्या वेळी ते, त्यांची बायको आणि त्यांची म्हातारी आई, बोट येईपर्यंत आमच्या आतल्या खोलीत होते. भाजी नव्हती, वीज नव्हती. मी भात आणि सुक्या बोंबलाची चटणी करायची आणि आम्ही सगळे एका परातीभोवती बसून खायचो. हे मी उपकार म्हणून सांगत नाही. पुरात तसं सगळ्यांनीच केलं.

सेक्रेटरी सोफ्याच्या कडेवर बसले. चहा नको म्हणाले, मग घेतला.

"ठरलं म्हणे," ते म्हणाले.

"हो. लोक चांगले आहेत."

"चांगले असतील हो. माझ्या ओळखीतच कितीतरी आहेत. माझा गॅरेजवाला त्यांच्यातलाच. तसा प्रश्नच नाही." त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "पण बाई, सोसायटी म्हटलं की सगळ्यांचं बघावं लागतं. गणपती खाली पार्किंगमध्ये बसतो. बायका-मुली जिन्यातून ये-जा करतात. आणि खाणं-पिणं. काही जणांना किळस येते त्याची."

"कसली?"

"मटणा-बिटणाची. वास येतो ना जिन्यात."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या मिशीला चहाची साय लागली होती. दर रविवारी ह्यांच्यासाठी आमच्या घरात मटण शिजतं, ते पंधरा-वीस वर्षं शिजतंय. पहिल्या मजल्यापर्यंत वास जातो आणि कित्येकदा त्यांच्या बायकोने जिन्यात हसत विचारलेलं आहे, "आज काय विशेष?" वाटीतून रस्सा खाली गेलेला आहे. रिकामी वाटी घासून, कधी त्यात साखर घालून, परत आलेली आहे.

"तुम्हाला आमच्या मटणाची कधी किळस आली नाही," मी म्हटलं.

"तुमचं वेगळं," ते म्हणाले. अगदी सहज, समजूत घातल्यासारखं. "तुम्ही आपले आहात."

हे आतल्या खोलीत गुडघ्यांना तेल लावत होते. तिथूनच म्हणाले, "मंग आमचं बोकड काय निराळं व्हतं व्हय?"

सेक्रेटरी हसले. कप ठेवला, बशी कपावर पालथी घातली आणि गेले. मी कप बेसिनमध्ये ठेवला आणि बराच वेळ घासत बसले. मला माहीत होतं, कपाचा काही दोष नव्हता. पण त्या माणसाचे ओठ लागलेत म्हणून मी तो पुन्हा एकदा घासला.

दुसऱ्या दिवसापासून जिन्यातलं वातावरण बदललं. समोरच्या बाई, ज्या दूधवाल्याच्या वेळेला दारात थांबून दोन शब्द बोलायच्या, त्या दार लोटून घ्यायला लागल्या. वरच्या मजल्यावरचे एक तरुण गृहस्थ, चांगले इंजिनिअर, मला जिन्यात थांबवून म्हणाले, "काकू, आमचा रीसेलचा विचार करा ना. एक आला की मागून चार येतात." ते अगदी नम्रपणे बोलत होते. हातात मुलीची वॉटरबॅग होती. शिवी दिली असती तर निदान उत्तर देता आलं असतं.

मी सहकार खात्याच्या कचेरीत जाऊन चौकशी केली. धर्मावरून सोसायटीला कुणाला अडवता येत नाही, लेखी नाकारलं तर तक्रार करा, असं सांगण्यात आलं. हे मी चेअरमनना सांगितलं. ते बँकेतून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"लेखी?" ते म्हणाले. "लेखी कोण देतंय, बाई? आम्ही काही लिहिणार नाही. आमचा विरोधच नाही. फक्त रविवारी मीटिंग घेऊ, सगळ्यांच्या भावना समजून घेऊ."

रविवारी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर कडीला एक काळी प्लॅस्टिकची पिशवी लटकत होती. पहिला वास आला. मग पिशवी खालून गळत होती ते दिसलं. उंबऱ्यावर लालसर पाण्याचं थारोळं साचलं होतं आणि त्यातून मुंग्यांची रांग घरात आली होती, पायपुसण्यावरून, माझ्या चपलांवरून. पिशवीत कोंबडीची आतडी, पिसं, पाय. शिळं. कुणीतरी दुकानातून मागून आणलेलं, एखादा दिवस कुठेतरी ठेवून दिलेलं. म्हणजे कुणीतरी ते घरात ठेवलं होतं. मला सगळ्यात जास्त शिसारी आली ती याची. ज्यांना वासाची किळस येते, त्यांच्यातल्याच कुणीतरी हे रात्रभर आपल्या घरात, कदाचित आपल्या बाल्कनीत, वास सहन करत जपून ठेवलं होतं.

मी मोरीत जाऊन ओकले. परत आले तर हे दारात उभे होते, एका हाताने चौकट धरून. मी फिनेल आणि खराटा घेऊन उंबरा धुवायला बसले. पिशवी कचऱ्यात टाकावी म्हणून बादली आणली.

"ती ऱ्हाऊ दे," हे म्हणाले.

"अहो, वास बघा."

"ऱ्हाऊ दे म्हंतोय न्हवं? मीटिंग कवा हाय?"

मीटिंग चहा-नाश्त्यानंतर होती. पार्किंगमध्ये गाड्या बाजूला काढून प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. चेअरमनपुढे एक टेबल, त्यावर पाण्याची बाटली. ह्यांना जिना उतरायला नेहमीच वेळ लागतो. त्या दिवशी एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हातात ती पिशवी, खाली एक बादली धरून मी. प्रत्येक पायरीवर हे दोन्ही पाय टेकवत होते. खालचे लोक वर बघत होते. कुणी मदतीला आलं नाही. वास आधी पोचला असावा.

ह्यांनी पिशवी चेअरमनच्या टेबलावर ठेवली. पाण्याच्या बाटलीशेजारी.

"साहेब, हे काय?" चेअरमन खुर्ची मागे सरकवत म्हणाले.

"आमच्या दाराला टांगलं व्हतं. कुणाचं तरी इसरलं आसंल. ज्याचं आसंल त्यानं न्यावं."

बायकांनी पदर नाकाला लावले. सेक्रेटरी फोनमध्ये बघायला लागले. माश्या जमल्या. मागे कुणीतरी हसलं, दाबून, शाळेत मागच्या बाकावरची मुलं हसतात तसं. कोण हसलं ते कळलं नाही आणि आजही माहीत नाही. ती पिशवी कुणाची, तेही नाही. त्यानंतर जो जो माणूस माझ्याशी गोड बोलला, त्याच्या हातांकडे मी बघत राहिले.

मी उभी राहून बोलले. शाळेत बोलायची सवय होती म्हणून आवाज फुटला. म्हटलं, फ्लॅट आमचा आहे, गिऱ्हाईक आम्हाला पसंत आहे. कुणाला हरकत असेल तर त्याने कारण लिहून, खाली सही करून द्यावं, मी ते घेऊन कचेरीत जाईन. आणि ही पिशवी घेऊन पोलिसांत जाईन.

इंजिनिअर गृहस्थ म्हणाले, "काकू, तुम्ही पर्सनली घेताय."

"माझ्या दाराला टांगलं होतं ना," मी म्हटलं. "मग कसं घेऊ?"

पोलिसांचं नाव काढल्यावर चेअरमनचा चेहरा बदलला होता. त्यांच्या मुलाचं लग्न तोंडावर होतं, नसती भानगड नको होती. ते म्हणाले, सोसायटी कायदा पाळणारी आहे, सोसायटीने कधीच विरोध केला नव्हता, गैरसमज झाला. हस्तांतराला संमती आहे असं समजावं. दोघा-तिघांनी मान डोलावली. "ही पिशवी तेवढी कुणीतरी..." ते म्हणाले. मी बादली पुढे केली. ह्यांनी पिशवी तिच्यात सोडली आणि आम्ही दोघं घाटाकडच्या कचराकुंडीपर्यंत चालत गेलो. आमच्या मागे खुर्च्या उचलल्याचे आवाज येत होते.

मला वाटलं, जिंकलो.

दोन दिवसांनी आम्ही दोघं एसटीने आष्ट्याला गेलो. फोनवर सांगता आलं असतं, पण मला तोंडाने सांगायचं होतं. जाताना मी पेढे घेतले. दुकान खाली, घर वर. दुकानात पंपाचे भाग सुटे करून वर्तमानपत्रावर मांडले होते. तो नेहमीसारखा बोलला नाही. ह्यांच्यासाठी खुर्ची पुसून दिली आणि खालून तिला हाक मारली. ती आली तेव्हा गळ्यात मापाची टेप तशीच होती.

मी सगळं सांगितलं. संमती मिळाली, आता कागद करायला हरकत नाही. पिशवीचं सांगितलं नाही.

"आमाला कळलंय काकू, पिशवीचं," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या दलालानं. फोनवर. लय हासत हुता." तिने पेढ्यांचा पुडा हातात घेतला, उघडला नाही. "तुमाला तरास झाला आमच्यापायी."

"अगं, त्रास कसला. झालं ना आता."

"काकू, तुमी तर गावाला निघाला. जिना आमाला चढायचाय."

मी काहीतरी म्हणणार होते. लोक सुधारतात, शेजार हळूहळू जमतो, असलं काहीतरी, जे मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले. शब्द तोंडापर्यंत आले आणि मला त्यांची चव नको वाटली.

"माझी पोरगी सकाळी एकली निघणार," ती म्हणाली. "कुणी काय बोललं तर मला सांगणार बी न्हाई, तशीच हाय ती. आन् दाराला आज कोंबडी टांगली. पोरीच्या सॅकला काय टांगतील, कुणाला ठावं."

मग तो बोलला. पंपाचा एक वायसर हातात फिरवत होता. "सुभेदारसाब, मी पाण्याचाच विचार करत हुतो. पूर आला तर माणसं वर चढत्यात. खालचे तुमच्याकडं आले, व्हय का न्हाई? उद्या पाणी तुमच्या मजल्यावर आलं, तर आमाला वर चढायचंय. वरच्यांनी दार तर उघडाया पायजे न्हवं?"

हे खाली बघत बसले. "बरोबर हाय गड्या तुजं," एवढंच म्हणाले.

तिने चहा केला. आम्ही प्यालो. ती खाली स्टँडपर्यंत सोडायला आली. गाडी लागायची होती तोवर तिने ह्यांना विचारलं, रहिमतपूरच्या उसाला पाणी कोण देतंय, आणि ह्यांनी सविस्तर सांगितलं.

शेवटी फ्लॅट तासगावकडच्या एका बागायतदाराला गेला. सेक्रेटरींनीच आणलं ते गिऱ्हाईक. तो आला, बैठकीत उभ्या उभ्या चारी बाजूंना बघितलं, आतल्या खोल्यांत गेलाही नाही. बाल्कनीचं दार मी उघडलं तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. बंदच ठेवायचाय. कोण ऱ्हायाला येतंय?" पैसा गुंतवायचा होता. जिन्यातल्या रेघेकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही. नदीला वास येतो, असं मी त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "येऊ द्या की, आपल्याला काय." मी खूप दिवस नको नको म्हणत होते. पण ह्यांचा एक गुडघा त्या महिन्यात अगदीच धरला, हे आठवडाभर खाली उतरू शकले नाहीत, आणि मग मी सही केली.

निघायच्या आदल्या दिवशी सोसायटीने निरोपाचा समारंभ ठेवला. त्याच पार्किंगमध्ये, त्याच खुर्च्या. चेअरमनने भाषण केलं. बाईंसारखी आदर्श शिक्षिका, सुभेदारांसारखा देशभक्त, ही सोसायटी म्हणजे एक कुटुंब. सेक्रेटरींच्या बायकोने माझी ओटी भरली. तिचे डोळे खरेच भरून आले होते. मला त्या क्षणी तेच सहन होईना. ती खोटं रडत असती तर बरं झालं असतं. तिला खरोखर वाईट वाटत होतं, आणि तिला खरोखरच असं वाटत होतं की काही झालेलं नाही. समोसे आले. टेबलावर, पाण्याच्या बाटलीशेजारी, ठेवले गेले. सगळे आवडीने खात होते. माझ्या हातात कुणीतरी बशी दिली. मी ती धरून उभी राहिले आणि मग कुणाचं लक्ष नाही असं बघून खुर्चीखाली ठेवली. ह्यांना शाल दिली होती. हे ती खांद्यावरून काढून, नीट घडी घालून, चेअरमनच्या हातात देऊन म्हणाले, "पोराच्या लग्नात कुणाला तरी द्या. आमच्याकडं लय झाल्यात." आणि जिना चढायला लागले.

रहिमतपूरला येऊन आता बरेच दिवस झाले. इथे पायऱ्या नाहीत. हे सकाळी काठी टेकत उसाच्या कडेने फिरून येतात. मी लोकांना सांगते की सांगली आठवते. आठवतेच. पण धुक्यातली बाल्कनी आठवायला गेले की आधी उंबऱ्यावरचं ते लालसर पाणी डोळ्यांसमोर येतं, मग मी उठून दुसरं काहीतरी करायला लागते.

मध्ये ह्यांच्या औषधांसाठी सांगलीला गेले होते. बाजारात अस्तराच्या कापडाच्या दुकानापाशी आष्ट्याची ती भेटली. हातात हुक आणि रिळांची पिशवी होती. तिने मला आधी ओळखलं. आता ते सांगलीत भाड्याने राहतात, नदीपासून लांब, त्यांच्याच ओळखीतल्या एका माणसाच्या घरात मागच्या दोन खोल्या. मुलीचं कॉलेज चालू आहे.

"घर कसं आहे?" मी विचारलं.

"बरं हाय की. सैपाकघरात दिवसा बी बत्ती लावायला लागती." तिने रिळं दुसऱ्या हातात घेतली. "शिवायला गच्चीत बसते."

मला तिला विचारायचं होतं, आणि विचारू नये हेही कळत होतं. तरी विचारलं. "तुला आमचा राग आला असेल ना?"

"तुमचा कशाला यील काकू?" ती म्हणाली. "राग बी न्हाई येत आता. हे आमचं पयलं घर न्हवतं बघितल्यालं. त्याच्या आधी बी तीन ठिकाणी भाव ठरला हुता, आन् मोडला." ते तिने आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी ओट्यापाशी उभी राहून उजेडाचं बोलली, तेव्हाही हे तिला माहीत होतं.

"गावाकडे ये एकदा," मी म्हटलं. "मुलीला घेऊन ये."

"येऊ की," ती म्हणाली. तिला घाई होती, शिकायला येणाऱ्या बायका थांबल्या होत्या. ती रिक्षांच्या मधून रस्ता ओलांडून पलीकडे गेली. मला भाजी घ्यायची होती. ती न घेताच मी स्टँडवर आले आणि पहिली मिळाली त्या गाडीत बसले.